डावाला नाव ठेवताना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे इथले आम्ही पंचवीसेक जण रविवारी एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमतो. काही महिन्यांपूर्वी आलेला एक प्लॅटफॉर्म फायटर (फळ्यांवर उड्या मारत समोरच्याला मंचाबाहेर काढायचा लढाईचा व्हिडिओ गेम) आम्ही स्पर्धा म्हणून खेळतो. गेममध्ये कुठेच शिकवलेले नाहीत असे काही डाव आम्हाला सापडलेत. एक म्हणजे, हवेतून खाली येताना पाय टेकायच्या ऐन आधी स्टिक तिरकी खाली धरून ब्लॉक दाबलं, तर पात्र उतरल्यावर थांबत नाही, समोरच्याच्या अंगावर घसरत येतं आणि घसरतानाच फटका मारू शकतं. दुसरा म्हणजे उडी सुरू होता होताच ती रद्द करून त्यातून वरचा फटका काढणं. आता नावांवरून ग्रुपवर रोज वाद चाललाय. काहींचं म्हणणं, बाहेरचे खेळाडू पहिल्या डावाला 'स्लाइड कॅन्सल' म्हणतात, तेच घ्या. काहींना शुद्ध मराठी हवंय, त्यांनी 'भूस्पर्श-विसर्पण' सुचवलंय. काही म्हणतात, ज्यानं शोधला त्याचं आडनाव द्या. मतदान घेतलं तर तेही बरोबरीत सुटलं. नाव ठरवायची काही रीत असते का?
— एक खेळाडू, कोथरूड

उत्तर : असते, पण मतदान ही ती रीत नव्हे. मतदानात ज्याला डाव अजून जमतच नाही त्याचं एक मत, आणि जो प्रत्येक सेटमध्ये तो वापरतो त्याचंही एकच मत. शिवाय ग्रुपवर तुम्ही नाव वाचून निवडता. वापरायचं असतं ते आवाजात, घाईत, शेजारच्या टीव्हीवर दुसरा सेट रंगलेला असताना.

तुमचंच पत्र पुन्हा वाचा. डाव समजावून सांगताना तुम्ही लिहिलंत, 'अंगावर घसरत येतं आणि घसरतानाच फटका मारू शकतं'. नाव सुचवायला बसल्यावर विसर्पण आलं, स्लाइड आलं, आडनाव आलं. मला डाव समजावताना मात्र 'घसरणं' एकाच वाक्यात दोनदा आलं, आणि तेव्हा तुम्ही नावाचा विचारही करत नव्हता. पुढच्या रविवारी एकाला कंट्रोलर न देता मागे बसवा आणि कोण काय ओरडतंय तेवढंच वहीत टिपायला सांगा. 'घसरला बघ', 'घसर ना आता', 'परत घसरून आला' असं काहीतरी त्या वहीत असणार याची मला खात्री वाटते. तसं असेल तर नाव तुमच्या खोलीत आधीपासून आहे: घसर. त्यानं घसर मारली, उलटी घसर, घसरून वरचा फटका. क्रियापदासारखं वाकवता येतं, तीनच अक्षरांत संपतं, आणि ऐकणाऱ्याला पडद्यावर काय शोधायचं ते लगेच कळतं.

क्रिकेटमध्ये 'दूसरा' असाच आला. सकलेन मुश्ताक गोलंदाजी करत असताना मोईन खान यष्टींमागून त्याला तो दुसरा चेंडू टाकायला सांगायचा. तो त्या दोघांमधला मैदानावरचा शब्द होता. पुढे समालोचकांनी उचलला, मग वर्तमानपत्रांनी, आणि आज इंग्लंडमधला पोरगाही तो शब्द वापरतो. कुणी बैठक घेऊन तो ठरवला नव्हता.

आता तुमच्या तिन्ही पर्यायांबद्दल. 'स्लाइड कॅन्सल'ला माझा विरोध इंग्रजी आहे म्हणून नाही. अडचण अशी की कॉल ऑफ ड्यूटी हा बंदुकीच्या लढाईचा गेम खेळणाऱ्यांमध्ये हे नाव आधीच रुळलंय आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे: धावताना जमिनीवर घसरायचं आणि ते घसरणं अर्ध्यात तोडून पुन्हा पळायला लागायचं. तुमच्या डावात घसरणं तोडलं जातच नाही, उलट त्याचाच फायदा घेतला जातो. तुमच्या पंचवीस जणांत ते खेळणारे चार-पाच तरी निघतील, आणि त्यांचा हात चुकीच्या गोष्टीकडे जाईल. असा घोळ पूर्वी झालेला आहे. टेकेन या फायटिंग गेममध्ये 'वेव्हडॅश' म्हणजे वाकून पुढे झेपावणं पुन्हा पुन्हा करत जाणं. सुपर स्मॅश ब्रदर्स मेली या प्लॅटफॉर्म फायटरमध्ये 'वेव्हडॅश' म्हणजे उडी मारताच हवेतला बचाव तिरका जमिनीत घालून सरकणं. नाव एक, डाव दोन. दोन्ही खेळणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं की आपण कशाबद्दल बोलतोय. तेव्हा नाव पक्कं करण्याआधी तुमच्या मंडळींना आणखी कोणकोणते गेम येतात ते विचारा आणि हे नाव तिथे दुसऱ्या कशाला तर दिलेलं नाही ना, ते तपासा.

'भूस्पर्श-विसर्पण' सुचवणाऱ्याचं भाषेवरचं प्रेम मला मनापासून आवडलं, पण हे नाव नको. या जातीचे गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांनी, चालतात. मी स्पर्धांचं मराठीत समालोचन करते, आणि माझं 'भूस्पर्श' उच्चारून होईपर्यंत पात्र घसरून, मारून, उडी घेऊन पुन्हा हवेत गेलेलं असतं. मराठी हवं तर ते तालमीतलं घ्या. एकेरी पट, दुहेरी पट: समोरच्याचा एक पाय ओढायचा की दोन, ते नावातच आहे. बगलडूब: काखेखाली बुडी मारून पाठीमागे निघायचं. धोबीपछाड तर ज्यानं कधी कुस्ती पाहिली नाही त्यालाही डोळ्यांपुढे दिसतो. ही नावं ज्यांच्या अंगाला माती लागत होती त्यांनी ठेवली, आणि नवं पोर तालमीत आलं की त्याला निम्मा डाव नावातूनच समजतो. खो-खोतही तेच. मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत खो-खो खेळले. 'आकाशीय सूर' म्हटलं की अंग कुठे न्यायचं हे वेगळं सांगावं लागत नसे.

पटाकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: मूळ शब्द एक, आणि पुढे विशेषण लावलं की डाव बदलतो. तुमचा खेळ नवा आहे, म्हणजे वर्षभरात या घसरीचे चार-पाच प्रकार निघतील. लांब घसर, आखूड घसर, उलटी घसर अशी एका घरातली नावं ठेवलीत तर दुसरा प्रकार शिकणाऱ्याला पहिल्याचा आधार मिळतो. मेलीवाल्यांनी हे केलं: वेव्हडॅशची तीच युक्ती उडी न मारता, खाली येताना फळीवर किंवा जमिनीवर केली की ती 'वेव्हलँड'. प्रत्येक प्रकाराला नवंकोरं नाव दिलं असतं तर ती एकच गोष्ट आहे हे नवख्याला कळायलाच बराच काळ गेला असता.

बटणावरून नाव ठेवू नका, हे मला जरा जोर देऊन सांगायचंय. मेली २००१ सालचा गेम. त्यात हवेतला फटका मारत खाली येताना, पाय टेकायच्या आधीच्या सात फ्रेममध्ये कंट्रोलरच्या खांद्यावरचं बटण दाबलं, तर उतरल्यावर पात्र जितका वेळ अडकतं तो निम्मा होतो. सात फ्रेम म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. जगभर याला 'एल-कॅन्सल' म्हणतात. पण ते एलनं होतं तसंच आरनं आणि झेडनंही होतं! माझ्याकडे मेली शिकायला येणारा एक अकरावीतला मुलगा कितीतरी दिवस हे करू बघत होता आणि त्याला जमत नव्हतं. शेजारी बसून त्याच्या बोटांकडे पाहिलं. जुना कंट्रोलर, एलची स्प्रिंग सैल झालेली, बटण अर्धवट दाबलं जायचं, आणि तो इमानेइतबारे तेच दाबत होता, कारण नाव तसं सांगतं. आर दाबून बघ म्हटलं. अर्ध्या तासात पाचातली तीन जमायला लागली. त्याचा वेळ खाल्ला तो त्या नावानं.

याच्या उलट टोकाला 'रॉकेट जंप'. क्वेक हा गोळीबाराचा गेम १९९६ मध्ये आला, आणि स्वतःच्याच पायाशी रॉकेट सोडून त्या धक्क्यानं उंच उडायच्या या युक्तीचं नाव आजही तसंच आहे. शस्त्र कोणतं आणि करायचं काय, दोन्ही नावात आलं.

तुमच्या दुसऱ्या डावाला मात्र हात लावू नका. उडीआधी पात्र दोन-चार फ्रेम गुडघे वाकवतं, तेवढ्यात दुसरा डाव दिला की उडी होतच नाही, याला स्मॅश खेळणारे बरीच वर्षं 'जंप कॅन्सल' म्हणतात आणि त्यांचा अर्थ तुमच्या अर्थाशी जुळतो. रुळलेलं, नेमकं नाव मिळतंय तर ते घ्यावं. मराठी केलंच पाहिजे असा हट्ट इथे नुकसानीचा ठरेल, कारण उद्या तुमच्यातला कुणी बाहेरचा व्हिडिओ बघून शिकायला बसला तर त्याला हाच शब्द शोधायचा आहे.

शेवटची चाचणी नवख्यावर करा. ज्यानं हा गेम कधी खेळलेला नाही अशा कुणाला तरी बोलवा, धाकटी बहीणही चालेल. तिला नुसतं नाव सांगा आणि विचारा, पडद्यावर काय होईल असं वाटतं? उत्तर जवळपास आलं तर नाव चांगलं. मग दोन टीव्ही सुरू ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तेच नाव ओरडा. ब्लॉकच्या एखाद्या डावाला कुणी 'अडसर' सुचवलं, तर तो शब्द एरवी छान आहे, पण हेडफोन लावलेल्या कानाला 'घसर' आणि 'अडसर' यांतला फरक कळणार नाही. दोन्हींतलं एक बदला.

आणि हे सगळं एका वहीत किंवा सामायिक तक्त्यात लिहून ठेवा: नाव, बघणाऱ्याला काय दिसतं, हातानं काय करायचं, किती फ्रेमची मुभा आहे, आणखी कोणत्या नावानं ओळखतात. लिहिण्याचं काम एकाकडेच द्या, म्हणजे नोंदी सारख्या राहतात.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमध्ये कठड्याला लटकायचं, सोडायचं, लगेच परत पकडायचं असा एक डाव आहे. पुढे असताना घड्याळ संपवायला तो फार उपयोगी पडतो. मुलं त्याला 'बांगडी' म्हणतात. कुणी तसं खेळलं की 'भरल्या बांगड्या' असा ओरडा होतो. आम्ही चौघी मुली खेळतो. मी बोलले तर म्हणाले, अगं गंमत आहे, मनावर नको घेऊस. मी खरंच उगाच ताणतेय का?
— एक खेळाडू, धनकवडी

उत्तर : नाही, अजिबात नाही. तू बोललीस ते बरं केलंस. हे नाव आजच काढून टाकायला हवं.

पळपुटेपणाला बांगड्यांची उपमा देणारी खोली मुलींना आत येण्याआधीच सांगते की तुमची किंमत काय. तुम्ही चौघी आहात. पाचवी आली असती, ती दारातून हा ओरडा ऐकून परत गेली असेल तर तुम्हाला ते कधी कळणारही नाही. आणि ज्यांना हे गंमत वाटतं त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट: हे नाव डावाबद्दल काहीच सांगत नाही. कठडा नाही, लटकणं नाही, वेळ काढणं नाही. खेळणाऱ्याचा अपमान तेवढा आहे. नाव म्हणूनसुद्धा ते वाईटच आहे.

स्मॅशमध्ये समोरच्याला परत फळीवर येता न देता लवकर संपवणं याला 'गिम्प' म्हणतात. इंग्रजीत तो शब्द चालताना त्रास होणाऱ्या माणसाला हिणवायला वापरला जातो. सुरुवातीलाच कुणी हरकत घेतली असती तर दुसरं नाव रुळायला काही अडचण नव्हती. आता तो इतका पसरलाय की काढणं अवघड. तुमचं तसं झालेलं नाही. शब्द अजून एका खोलीतला आहे, हीच वेळ आहे. आणि जुनं झालं तरी बदलता येतं, हेही लक्षात ठेव. क्रिकेटचे नियम करणाऱ्या, दोनशेहून जास्त वर्षं जुन्या एमसीसी या क्लबनं सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घेतला. आज समालोचनात तो कानाला खटकत नाही.

नुसतं 'हे म्हणू नका' म्हटलंस तर दुसऱ्या मिनिटाला जुनाच शब्द येईल, कारण जिभेला काहीतरी लागतं. त्याच श्वासात नवा शब्द दे. मी 'लटक' सुचवेन. छोटा आहे, ओरडता येतो, बघणाऱ्याला कळतो. जो गुणफलक लिहितो आणि जो माईकवर बोलतो त्या दोघांना आधी पटव, कारण बाकीचे त्यांचंच उचलतात. माझ्या समालोचनात मी असे शब्द बोलत नाही, आणि शेजारी बसलेल्या जोडीदाराला स्पर्धेआधीच तसं सांगून ठेवते.

तो डाव खेळू द्यायचा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो नियमांनी सोडवायचा आहे. मेलीनंतर आलेल्या स्मॅश ब्रॉलमध्ये असंच लटकून वेळ काढणं वाढलं, तेव्हा स्पर्धांनी एका सामन्यात कठडा किती वेळा पकडता येईल यावर मर्यादा घातली. तुम्हीही बसून तसं काही ठरवू शकता. शिवीवजा नाव ठेवलं की ही चर्चा होतच नाही, जो लटकतो तो आधीच दोषी ठरलेला असतो.

प्रश्न : मी विमाननगरला छोट्या स्पर्धा भरवतो. आमच्याकडे मराठी मुलं निम्मीच असतात, बाकी केरळ, आसाम, उत्तर प्रदेश, सगळीकडून शिकायला किंवा नोकरीला आलेली. मराठी नावं ठेवली तर त्यांना परकं वाटणार नाही का?
— एक आयोजक, विमाननगर

उत्तर : शब्द परका आहे म्हणून कुणी जात नाही. त्याचा अर्थ सांगायची तसदी कुणी घेतली नाही तर जातं. फायटिंग गेममध्ये पडलेला प्रतिस्पर्धी उठत असतानाच त्याच्यावर दडपण आणणं याला जगभर 'ओकी' म्हणतात. ते जपानी 'ओकिझेमे'चं आखूड रूप आहे. आपल्याकडची मुलं सर्रास 'ओकी दे त्याला' म्हणतात, आणि जपानी न येण्यानं कुणाचं अडलेलं नाही. आपल्या विटीदांडूत वकट, लेंड, मुंड, नाल हे तेलुगूतल्या आकड्यांवरून आलेत, पण गावोगावच्या पोरांनी ते आपलेच म्हणून वापरले. चांगला, छोटा शब्द असेल तर आसामचा मुलगाही 'घसर' म्हणेल आणि सुट्टीत घरी जाताना घेऊनही जाईल.

तरी एक गोष्ट जरूर करा. नावासोबत हाताची हालचाल आकड्यांत लिहा. संगणकाच्या कीबोर्डवर उजवीकडे जो आकड्यांचा चौकोन असतो तो डोळ्यांपुढे आणा. ५ म्हणजे स्टिक मधोमध, २ खाली, ८ वर, ६ पुढे, ४ मागे, आणि पात्र उजवीकडे तोंड करून उभं आहे असं धरायचं. मग खालून पुढे पाव वर्तुळ फिरवणं म्हणजे २३६, आणि स्ट्रीट फायटरमधला उसळून मारायचा प्रसिद्ध ठोसा शोर्‍युकेन म्हणजे ६२३. ही पद्धत जपानी खेळाडूंकडून आली आणि भाषा कोणतीही असो, चालते. मोबाइलचा आकड्यांचा चौकोन मात्र घेऊ नका, त्यात १-२-३ वरच्या ओळीत असतात आणि सगळं उलटं होतं. नवीन मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून तक्त्याच्या डोक्यावरच छोटी आकृती काढून ठेवा. घसर म्हणजे हवेत ३ आणि ब्लॉक, एवढं लिहिलं की केरळच्या मुलाला मराठी येत नसलं तरी डाव येतो.

स्पर्धेआधीच्या दहा मिनिटांत पाच-सहा नावं प्रत्यक्ष करून दाखवा. मराठी मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या गेममध्ये भिंतीला आपटून दुप्पट वेगानं परत येण्याची ट्रिक सगळ्यात आधी मी शोधली. माझ्याकडे तारखेसकट व्हिडिओ आहे. मला वाटतं तिला माझं नाव द्यावं. मित्र म्हणतात की नाव 'भिंतउडी'च ठेवायचं. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, सिंहगड रस्ता

उत्तर : आधी तुझं मनापासून अभिनंदन. भिंतीवर पुन्हा पुन्हा आपटून बघायला चिकाटी लागते, आणि व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवलास हे तर फारच चांगलं केलंस. श्रेय तुझंच आहे आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे.

नाव मात्र 'भिंतउडी' असू दे, असं मी म्हणेन. माणसाच्या नावाचे डाव असतात. रॉकेट लीग या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेममध्ये चेंडू गाडी आणि भिंत यांच्यात चिमटून प्रचंड वेगानं गोलाकडे सोडतात, त्याला इटलीच्या कुक्सिर या खेळाडूवरून 'कुक्सिर पिंच' म्हणतात. त्याच्या वाट्याला मान आला. पण नाव एकदा लोकांच्या तोंडी गेलं की पुढे त्याचं काय होईल हे आपल्या हातात राहत नाही. वर धनकवडीच्या पत्राच्या उत्तरात लटकण्याबद्दल लिहिलंय, त्या डावाला ब्रॉलमध्ये 'प्लँकिंग' म्हणायचे, प्लँक या टोपणनावाच्या खेळाडूवरून. लोक त्या डावावर चिडायचे, आणि शिव्या पडायच्या त्याच्या नावाला.

याहून मोठं उदाहरण आपल्या घरातलं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकला जाण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केलं. ते नियमात बसत होतं. पण तेव्हापासून असं बाद करणं म्हणजे 'मांकडिंग' झालं, आणि काही तरी अखिलाडू केल्याचा वास त्या शब्दाला चिकटला. इतक्या थोर अष्टपैलू खेळाडूचं नाव निम्म्या जगाला एवढ्याच कारणानं माहीत असावं याचं मला फार वाईट वाटतं. सुनील गावसकरांनी या शब्दाला जाहीर आक्षेप घेतला. २०२२ मध्ये एमसीसीनं हा नियम 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'मध्ये नेला, तरी शब्द अजून ऐकू येतोच.

उद्या तुझी भिंतउडी कुणी त्रास द्यायला वापरली, किंवा तिच्यावर बंदी आली, तर तुझं नाव त्यात नको. तक्त्यात 'भिंतउडी' या नावापुढे एक रकाना करायला लाव: पहिल्यांदा कुणी आणि कधी दाखवली. तिथे तुझं नाव, तारीख आणि व्हिडिओ असू दे. आणि आईबाबांना विचारल्याशिवाय पूर्ण नाव आणि शाळा बाहेरच्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नकोस, टोपणनाव पुरतं.

प्रश्न : गेम बनवणाऱ्या कंपनीनंच पुढच्या पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) एखाद्या डावाला अधिकृत नाव दिलं, किंवा डावच काढून टाकला, तर आमच्या नावांचं काय करायचं?
— एक खेळाडू, हडपसर

उत्तर : अधिकृत नाव आलं म्हणून आपलं सोडायलाच हवं असं नाही. मेलीतल्या 'एल-कॅन्सल'सारख्या ज्या डावाला निन्टेन्डो ६४ या जुन्या यंत्रावरच्या स्मॅशमध्ये खेळाडू 'झेड-कॅन्सल' म्हणत, त्याला निन्टेन्डोनं स्वतः 'स्मूथ लँडिंग' म्हटलं होतं. ते खेळाडूंच्या तोंडी बसलं नाही. उलटही होतं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये एका फटक्यातून दुसरा असा जोडता येणं कंपनीनं मुद्दाम योजलेलं नव्हतं. बनवतानाच ते लक्षात आलं आणि तसंच राहू दिलं. खेळाडूंनी त्याचा इतका वापर केला की १९९३ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ मध्ये किती फटक्यांचा कॉम्बो झाला ते पडद्यावर मोजून दाखवायला लागले. तेव्हा अधिकृत नाव आलं तर ते तक्त्यात शेजारी लिहा, दोन्ही चालू द्या, आणि काही रविवार ऐका. गेमच्या शिकवणीच्या भागात तेच नाव असेल तर नवीन मुलं ते घेऊनच येतील. अशा वेळी त्यांच्याशी भांडू नका, अधिकृत नाव पुढे करा.

डाव काढून टाकला तर नोंद पुसू नका. कोणत्या पॅचपासून चालत नाही ते समोर लिहा आणि ते नाव दुसऱ्या डावाला देऊ नका. जुने व्हिडिओ लोक बघत राहतात. त्यात 'घसर' ऐकू आली आणि आजच्या तक्त्यात त्या नावाखाली भलतंच काही सापडलं, तर शिकणाऱ्याला वाटेल की आपल्यालाच जमत नाहीये.